आवरणाचा टीबी

माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. शहागंजच्या मागच्या गल्लीत माझ्या वडिलांचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची बिलं यांवर घर चालतं. शहराचं नाव बदललं तेव्हा लेटरहेडांची लाट आली, त्यावरही काही दिवस चाललं. पण वडिलांचा जीव पत्रकांत. जयंतीची, सभेची, मोर्च्याची, निषेधाची पत्रकं. छपाईत बिघडलेले कागद ते घरी आणायचे. पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं करायचो आणि गणित अडलं की कागद उलटा करून वाचत बसायचो. उठा. जाब विचारा. मान खाली घालू नका. लहानपणापासून ज्याला इतक्या वेळा मान वर करायला सांगितलं, तो माझ्यासारखाच होणार. माझ्या बोलण्यात उद्गारचिन्हं फार असतात असं मित्र म्हणतात. असतात. मी पुढं स्वतःच पत्रकं लिहू लागलो आणि वडील ती छापू लागले.

छापखान्यात त्यांचा एक नियम आहे. कागदाला थुंकी लावायची नाही. कागद मोजताना, घडी घालताना बोट जिभेला लावायची सवय बहुतेक ठिकाणी दिसते. आमच्याकडं ते चालत नाही. एकमेकांना चिकटलेले कागद सुटे करायचे असले की वडील गठ्ठा दोन्ही हातांत धरून वाकवतात आणि त्याच्या कडेवर एक लांब फुंकर मारतात. कागद फुलतात. मग तो गठ्ठा ते समोर सरकवतात. समोर घडी घालायला मावशी बसतात. नात्यानं मावशी नाहीत, पण मी शाळेत जायच्या आधीपासून त्या तिथं बसतात, आणि माझ्याशी त्याच हक्कानं बोलतात.

नियमाचं कारण वडिलांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. कधीकाळी आमच्या माणसांची थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून त्यांच्या गळ्यात मडकं बांधलेलं असायचं. "ज्या थुंकीपायी आपल्या गळ्यात मडकं आलं," ते म्हणायचे, "ती आपल्या कागदाला लागू द्यायची नाय." मला पुरता अर्थ कळत नसे, पण अंगावर काटा यायचा. पुढं हे मडकं मी कितीतरी पत्रकांत लिहिलं.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते या फुंकरीशी आणि या थुंकीशी बांधलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात एका सभेत घोषणा देताना माझ्या उजव्या कुशीत कळ आली. सुई टोचावी तशी, आणि नेमकी श्वास आत घेताना. अर्धी घोषणा तोंडात राहिली. शेजारच्यांना वाटलं मी भावनेनं थांबलो. नंतर काही दिवस दीर्घ श्वास घेतला, खोकलो, हसलो की तीच कळ. संध्याकाळी अंगात कणकण. आईनं शेक दिला, ओवा दिला. मग एके दिवशी कळ गेली. अगदी गेली. मी आईला म्हटलं, "बघ, काही नव्हतं." दुसऱ्याच आठवड्यात पुंडलिकनगरातल्या आमच्या घराचा जिना चढताना मला मधल्या पायरीवर बसावं लागलं. शर्टाखाली उजवी बाजू जड झाली होती, कुणीतरी ओली गोणी आत ठेवल्यासारखी.

डॉक्टरांनी पाठीवर बोटं ठोकून पाहिली. डावीकडं पोकळ आवाज येत होता, उजवीकडं भरलेल्या माठासारखा बद्द. एक्स-रेमध्ये उजवं फुफ्फुस खालून पांढरं पडलेलं होतं. वडील सोबत होते. डॉक्टर वयानं लहान होते, समजावून सांगायची त्यांना हौस होती. ते म्हणाले, फुफ्फुसाभोवती एक पातळ आवरण असतं, आणि छातीच्या आतल्या बाजूला तसंच दुसरं. दोन्ही एकमेकांना लागून असतात, मध्ये फक्त ओलावा. त्यामुळं श्वास घेताना एकावर दुसरं सरकतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. सूज आली की ती एकमेकांना घासतात, तेव्हा कळ येते.

"मग कळ गेली कशी?" मी विचारलं.

"मध्ये पाणी साठलं. दोन्ही लांब झाली. घासायची थांबली. दुखणं थांबलं म्हणजे आजार वाढला, असं झालं तुमच्या बाबतीत."

वडिलांनी मान हलवली. "दोन ओले कागद," ते म्हणाले. "एकावर एक सरकतात, पण सुटत नायत. समजलं."

डॉक्टर खूश झाले. "अगदी बरोबर, काका."

मग पाणी काढायचं ठरलं. मला खुर्चीवर उलटं बसवलं, हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून, कपाळ हातांवर. वडिलांना बाहेर थांबायला सांगितलं. पाठीत बधिर करायची सुई दिली, मग मोठी सुई. डॉक्टर म्हणाले, "आता हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि काही झालं तरी खोकायचं नाही." मी दात आवळून बसलो. मागं नळीतून पाणी बाटलीत पडायला लागलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, गोडेतेलासारखं पिवळं, स्वच्छ. माझ्या आत इतकं काही साठलं होतं आणि मी गावभर हिंडत होतो.

तेव्हाच दाराबाहेरून खोकला आला. खोल, ओला, संपता संपेना असा. मला तो खोकला पाठ होता. पहाटे तो आमच्या मोरीतून येतो, दुपारी छापखान्यातून. "शाईचा वास आन् कागदाची धूळ, दुसरं काय," असं वडील म्हणतात, आणि आम्हीही तसंच म्हणत आलो.

डॉक्टरांचा हात थांबला. "बाहेर कोण खोकतंय?"

मला बोलायची मनाई होती. सुई निघाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "घरात कुणाला जुना खोकला आहे का? तुमच्या छातीतलं हे बहुतेक टीबीचं पाणी आहे. तुम्हाला तो कुठूनतरी आलाय."

मी म्हणालो, "नाही. बाहेर कुणीतरी पेशंट असेल."

असं का म्हणालो, ते मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे. विचार केला नव्हता, एवढं खरं. टीबी हा शब्द खोलीत आला आणि मी वडिलांना त्याच्यापासून लांब सरकवलं. की स्वतःला वडिलांपासून? माझ्याच एका पत्रकाचं शीर्षक 'खोकला लपवू नका!' असं होतं. कॉलेजच्या आरोग्य शिबिरासाठी लिहिलं होतं. उरलेला गठ्ठा अजून छापखान्यात आहे. मावशी त्याच्यावर गोणपाट टाकून बसतात.

तपासणीत टीबीच निघाला. पण डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली आणि ती मी बुडत्यासारखी धरली. ते म्हणाले, तुमच्या फुफ्फुसात काही दिसत नाही, आजार आवरणात आहे, त्यामुळं तुमच्यापासून दुसऱ्याला व्हायची भीती जवळजवळ नाही. त्यांनी हे धीर द्यायला सांगितलं. मी त्याची पदवी करून गळ्यात घातली.

शेजारणींना आई सांगायची, "छातीत पाणी झालं होतं, काढलं." टीबी म्हणायची नाही. मला राग यायचा. "आई, लपवायचं काय त्यात?" असं मी आवाज चढवून विचारायचो आणि मग शेजारणीला शास्त्र सांगायचो. टीबी आहे, पण आवरणाचा. फुफ्फुसाचा नाही. फुफ्फुस स्वच्छ आहे. मला वाटायचं मी सत्य बोलतोय. आई खोटं बोलून जे करत होती तेच मी खरं बोलून करत होतो, हे मला दिसत नव्हतं. शेजारीण मात्र मन लावून ऐकायची आणि जाताना पाण्याचा ग्लास तसाच ठेवून जायची.

सरकारी दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा वडील मागं होते. मी नको म्हणत होतो, तरी आले. माझ्यापुढं तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस होता. वेळ जाईना म्हणून त्यानं विचारलं, "तुमकू भी येइच?"

"हां, पण माझा वेगळा आहे," मी म्हणालो. "फेफडे का नहीं. उसके ऊपर की झिल्ली का. फैलता नहीं."

त्यानं मला खालून वर पाहिलं. रुमालाच्या वर डोळे हसले. "गोली तो एकीच है ना भाई? के तुमकू मलाई मारके देते?"

पुढचे मागचे हसले. मीही हसलो, हसावं लागलं. मागून वडिलांचा आवाज आला, हळू, फक्त मला ऐकू यावा असा.

"म्हणजे टीबीत बी वरचा-खालचा आला म्हणायचा."

आमच्या घरात याहून मोठी शिवी नाही. ज्या माणसानं आयुष्यभर वरचा-खालचा हे शब्द पुसायला शाई घातली, त्याच्या मुलानं रोग्यांच्या रांगेत उभं राहून स्वतःसाठी वरची पायरी शोधली होती. पण तेव्हा मला वाटलं, वडिलांनी फक्त माझं वाक्य पकडलं. ते स्वतः कुठल्या पायरीवर उभे राहून बोलत होते ते माझ्या डोक्यात आलं नाही. ते वाक्य बोलून ते खोकले, आणि खोकताना त्यांनी रांगेकडं पाठ केली.

मला गोळ्या सुरू झाल्यावर आरोग्यवाल्या ताई घरी आल्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची म्हणाल्या. आईचा एक्स-रे झाला, साफ आला. वडिलांचा खोकला ऐकून त्यांनी पिशवीतून झाकणाची प्लास्टिकची डबी काढली. "काका, सकाळी उठल्या उठल्या खोकून यात बेडका द्यायचा. लाळ नको, आतून आलेला पाहिजे."

वडिलांनी डबी हातात घेतली नाही. ताई ती टेबलावर ठेवून गेल्या. मी उचलून त्यांच्यापुढं धरली.

"पप्पा, उद्या सकाळी द्या. मी पोचवतो."

"नाय."

"का?"

"पणजाच्या गळ्यातलं मडकं काढायला किती पिढ्या गेल्या, म्हाईत हाय ना? तूच लिहितोस ना त्याच्यावर? आन् आता मला सांगायलास, ह्या डबीत थुंक म्हणून?"

ज्या वाक्यावर मी वाढलो तेच वाक्य उलटून माझ्यापुढं ठेवलं होतं. मडकं माणसाला रस्त्यावरून हाकलायला होतं आणि डबी त्याला जगवायला आहे, एवढा साधा फरक मला तेव्हा बोलता आला नाही. आणखी एक खरं सांगतो: डबी पुन्हा टेबलावर ठेवताना मला थोडं हलकं वाटलं. वडिलांना टीबी निघाला असता तर माझी आवरणाची पदवी काय कामाची? मग आमचं टीबीचं घर झालं असतं, साधं, सरळ, गल्लीत ओळखलं जाईल असं.

गोळ्यांनी मला उतार पडत होता. ताप गेला, भूक लागायला लागली, लघवी लालसर व्हायची तीसुद्धा सवयीची झाली. जिना एका दमात चढायला लागलो. वडील मात्र उतरत होते. सदऱ्याच्या गळ्यात मान सैल दिसायला लागली. आई पोळीवर तूप वाढवत गेली, ते अर्धी पोळी बाजूला सारत गेले.

एके दुपारी मी छापखान्यात बसलो होतो. जयंतीची पत्रकं छापून झाली होती, शाई नुकतीच वाळली होती. वडिलांनी गठ्ठा उचलला, वाकवला, तोंडाजवळ नेला आणि फुंकर मारली. पूर्वीसारखी लांब नाही, तुटक. फुंकरीच्या शेवटी खोकला आला, तो त्या फुललेल्या कागदांतच. मग नेहमीसारखा त्यांनी गठ्ठा समोर सरकवला. मावशींनी तो मांडीवर घेतला. कागदाची कड गालाला लागेल इतक्या जवळून त्या घडी बघतात, त्यांना हल्ली कमी दिसतं.

खोली दहा बाय बाराची. एक खिडकी, तीही कागद उडतात म्हणून बंद. मी लहानपणापासून ती फुंकर बघत आलो होतो आणि ती मला आमच्या अभिमानासारखी वाटायची. त्या दुपारी मात्र मी मावशींच्या गालाकडं बघत राहिलो. कागदाला थुंकी लागू नये म्हणून आम्ही फुंकर मारत होतो. त्या फुंकरीतून वडिलांच्या छातीतलं जे काही असेल ते आधी माझ्या आवरणात उतरलं असणार, आणि आता दररोज मावशींच्या मांडीवर जात होतं. वडील उपचाराविना संपतील आणि मावशींना आम्ही न विचारता त्यात ओढू, हे मला त्या बंद खिडकीसमोर स्वच्छ दिसलं.

मावशी बाहेर चहा सांगायला गेल्या तेव्हा मी म्हणालो, "पप्पा, खिडकी उघडतो. आणि ती डबी..."

"तुझं काय जातंय बोलायला," ते कागदांवरून नजर न काढता म्हणाले. "तुझा आवरणाचा हाय. तू सांगू शकतोस लोकांना. माझा निघाला तर मी काय सांगू? फुफ्फुसाचा हाय, फैलतो, लांब बसा म्हणून?"

असं होतं ते. मडकं-बिडकं नंतरचं. ते मडक्याच्या मागं लपले होते आणि तिथं मीच त्यांना ढकललं होतं. रांगेत, जिन्यात, शेजारणीपुढं, जिथं जिथं मी 'फुफ्फुसाचा नाही' म्हणालो, तिथं तिथं ते मागं उभे राहून ऐकत होते, आणि छातीतलं आपलं आपल्याला ओळखत होते.

इतकी पत्रकं लिहिली, पण बापाला शरम वाटू नये म्हणून काय लिहावं ते कुठं वाचलं नव्हतं.

चहा सांगून मावशी परत जागेवर बसल्या. चहा आला. त्याबरोबरच जयंतीच्या मंडळाचे एक काका पत्रकं न्यायला आले. वडिलांचे जुने मित्र, आवाज मोठा. येताच माझ्या पाठीवर थाप मारली.

"काय वाघा, ऐकलं तुझ्या छातीत पाणी झालतं? आता कसा आहेस? यंदा भाषण तुझंच हाय बरं का!"

नेहमीचं वाक्य तोंडात तयार होतं. वडील माझ्याकडं बघत नव्हते. ते मशीनवर हात ठेवून उभे होते.

"टीबी झालाय मला, काका," मी म्हणालो.

"म्हणजे ते पाणी... तुझी आई तर म्हणली..."

"टीबी. गोळ्या चालू आहेत."

एवढंच म्हणालो. आवरण हा शब्द जिभेवर होता, तो गिळला. गिळायला फार जड गेला, हे मान्य करतो. काकांनी टेबलावरचा आपला चहाचा ग्लास बघितला आणि बोटानं जरासा पलीकडं सरकवला. त्यांना स्वतःला कळलंही नसेल. "होतं होतं, हल्ली बरा होतो म्हणतात," ते म्हणाले. भाषणाचं पुन्हा काही बोलले नाहीत. गठ्ठा घेऊन, चहा न पिता गेले.

ते गेल्यावर मावशींनी मांडीवरचे कागद खाली ठेवले.

"कवापासून?"

"दोन महिने झाले, मावशी."

"आन् मला आज कळायलंय? ते बी दुसऱ्याला सांगताना?"

"माझ्यापासून तुम्हाला..." मी सुरू केलं आणि थांबलो.

"बोल की. तुझ्यापासून काय?"

मी वडिलांकडं पाहिलं. ते खोकले. दाबायचा प्रयत्न केला, मग दाबता येईना. मावशी त्या खोकल्याकडं बघत राहिल्या, तो संपेपर्यंत. मग त्या उठल्या. खाली बसायचं गोणपाट झटकलं, आणि 'खोकला लपवू नका!'चा गठ्ठा उघडा पडला. त्यांना वाचता येत नाही. मला येतं.

"भाऊ," त्या वडिलांना म्हणाल्या, "घरी माझी नात हाय. सहा महिन्यांची. तिला मी ह्याच पदराखाली घेऊन निजते. येवढं तरी सांगायचं होतं." आणि चपला घालून निघून गेल्या. वडिलांनी त्यांना हाक मारली नाही. हाक मारायला तोंड कुठं होतं?

आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत उरलेल्या घड्या घालत बसलो, खिडकी उघडी टाकून. कागद उडत होते आणि आम्ही ते गोळा करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. वडील मागं येऊन उभे राहिले.

"डबी कुठं ठेवलीस?"

मी फडताळातून काढून दिली. ते ती घेऊन गच्चीवर गेले. खालून मला त्यांचा खोकला ऐकू येत होता. रोजचा दाबलेला नव्हता, मुद्दाम खालून ओढून काढलेला. आई गॅस बारीक करून स्वयंपाकघरात उभी होती. "लई जोर लावायलेत," ती म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला.

ते खाली आले तेव्हा डबी कागदात गुंडाळलेली होती. आमच्याच छापखान्यातला बिघडलेला कागद. त्यांनी छापील बाजू आत केली होती आणि कोरी बाहेर.

"झाकण घट्ट लावलंय," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता डबी माझ्या हातात दिली.

मी ती दुचाकीच्या डिकीत ठेवली नाही, खिशात ठेवली. प्रत्येक खड्ड्याला हात तिकडं जायचा. दवाखान्यात खिडकीवर कागद सोडवला तेव्हा दिसलं, आतल्या बाजूला जयंतीचं पत्रक होतं, तिरकं छापलेलं. मडक्याचा परिच्छेद मीच लिहिला होता.

रिपोर्टची वाट बघताना मी मावशींच्या घरी जाऊन आलो. मावशी दारात उभ्या राहून बोलल्या, आत या म्हणाल्या नाहीत. तपासणी कुठं, कशी करायची ते मी सगळं सांगितलं, त्यांची, नातीची, सुनेची. त्यांनी ऐकून घेतलं. "जाऊन येऊ," एवढंच म्हणाल्या. त्यांचा जिना उतरताना मला शब्द सुचत होते, माफीचे, मोठे मोठे. दारात ते काढले नाहीत ते बरं झालं.

वडिलांचा रिपोर्ट फुफ्फुसाचा आला. ताईंनी सांगितलं, औषध नीट घेतलं तर थोड्याच दिवसांत त्यांच्यापासून दुसऱ्याला भीती राहणार नाही, तोवर मास्क लावा, छापखाना बंद ठेवा. आम्ही दोघं एकत्र गोळ्या आणायला गेलो. तीच रांग. खिडकीतल्या सिस्टरनी मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

"मी," वडील म्हणाले. "आन् हा बी."

"तुमचा कसला?"

"टीबी. फुफ्फुसाचा." सभेत मागच्या रांगेपर्यंत पोचावा असा आवाज काढला त्यांनी. मास्कमधूनही तो पोचला.

आणि मी मागं वळून पाहिलं. रांगेत ओळखीचं कुणी आहे का ते पाहिलं. आपोआप वळली मान. जाणून वळवली नव्हती, म्हणूनच जास्त लाज वाटते. वडिलांनी ते पाहिलं. मास्कमुळं त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला कळलं नाही. त्यांनी दोन्ही पाकिटं घेतली आणि एक मला दिलं. स्वतःचं ते हातात धरून शहागंजच्या गर्दीतून चालत राहिले, भाजीची जुडी धरावी तसं. माझं मी शर्टाच्या आत सरकवलं. ते उजव्या कुशीला, पहिली कळ आली होती तिथंच, टोचत राहिलं.

छापखान्याला कुलूप लावायचं होतं. दारात मावशी उभ्या होत्या, पदर नाकावर. बाहेरच, उन्हात. त्यांनी उरलेली घडीची कामं घरी न्यायला पिशवी आणली होती.

"माझा छातीचा फोटू साफ आला," त्या म्हणाल्या. "नातीचा बी. सुनेचा यायचाय अजून." मग वडिलांना, "भाऊ, तुम्ही लांब थांबा. कागद ह्याला बाहेर सरकवू द्या, फुंकर मारू नका. मी उघड्या हवेत सुटे करते."

"व्हय," वडील म्हणाले. ते गल्लीच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. त्यांना कुणी असं लांब उभं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते मान वर करून उभे होते. मी आतून गठ्ठे काढून दारात ठेवले.

मावशींची नजर वडिलांच्या हातातल्या पाकिटावर गेली. "हेच का ते? आन् तुझं कुठं हाय?"

मी शर्टात हात घातला आणि बाहेर काढलं. चुरगळलं होतं. मावशींनी डोळे बारीक करून आधी ते बघितलं, मग गल्लीपलीकडचं.

"दोघांच्या गोळ्या सारख्याच हायत की," त्या म्हणाल्या.

"हो मावशी," मी म्हणालो. "सारख्याच आहेत."